कुंभारगावची बोट: दादा इंजिन कुठे बंद करतात ते बघा

डिसेंबर उजाडला की चार-पाच जण तरी मला विचारतातच, भिगवणला फ्लेमिंगो आलेत का, बोट कुठली घ्यायची, किती पैसे पडतात, पोरांना न्यावं का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा यावेळी सगळं एकदाच लिहून टाकते. आधीच सांगते, या जानेवारीत आम्ही कुंभारगावला ज्या दादांच्या बोटीतून गेलो त्यांना माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क लाइफ जॅकेटचा कापलाय, त्याचं पुढे सांगतेच. आणि हे मार्क फ्लेमिंगो दिसले म्हणून दिलेले नाहीत, पाणी उतरलं की फ्लेमिंगो सगळ्यांनाच दिसतात, हे मार्क दादांनी बोटीचं इंजिन जिथे बंद केलं त्या जागेचे आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुणे-सोलापूर हायवेने साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण, तिथून थोडं पुढे डावीकडे आत वळलं की कुंभारगाव, इंदापूर तालुका. समोर पसरलेलं पाणी म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा, सगळे त्याला बॅकवॉटरच म्हणतात. धरण १९८० मध्ये झालं, गावंच्या गावं पाण्याखाली गेली, जमिनी गेल्या, आणि मग काठावरच्या बऱ्याच लोकांनी मासेमारी धरली. त्याच मासेमारांच्या घरातली पोरं आज हिवाळ्यात बोटीवर गाइड म्हणून उभी असतात. डिकसळलाही बोटी आहेत, तिथेही मी गेलेय, पण हे लिहितेय ते कुंभारगावबद्दल.

आता मुद्द्याचं. हिवाळ्यात पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर रोज काही ना काही येत असतं, आज इथे दोनशे फ्लेमिंगो, आज तिथे पट्टकादंब म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले रानहंस, कोणाला ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी दिसला, कोणी ईबर्डवर म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर यादी टाकली. ते वाचून लोक शनिवारी रात्री ठरवतात, रविवारी दहा वाजता पोचतात, आणि काहीच नव्हतं हो म्हणून परत येतात. माझंही सुरुवातीला असंच झालं होतं. एक गोष्ट समजायला मला तीन हिवाळे लागले, ती अशी की पक्षी आलेत का हे विचारायचंच नाही, पाणी किती उतरलंय ते विचारायचं. फ्लेमिंगोला उभं राहून खाता येईल इतकं उथळ पाणी आणि खाली चिखल लागतो. पावसाळा चांगला झाला आणि धरण डिसेंबरपर्यंत तुडुंब राहिलं की काठाचा चिखल सगळा पाण्याखाली, मग रोहित, म्हणजे हेच फ्लेमिंगो, येणार कुठे, ते दुसरीकडे थांबतात आणि उशिरा येतात. तिकडच्या लोकांचं तर सगळं बोलणंच उजनी प्लस आणि उजनी मायनस असं असतं. एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, आणि उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली गेलं की धरण मायनसमध्ये गेलं म्हणतात. शेतकऱ्याला ते मायनस नको असतं हे उघडच आहे, पण पाणी जसजसं ओसरतं तसतसं पक्ष्यांचं ताट वाढलं जातं, हेही खरं.

तर मी २० डिसेंबरच्या सुमारास दादांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, पानी अजून लई हाय. रोहित हायती, पर लांब, पार पलीकडच्या कडंला. तुम्हाला दुर्बिणीतनं ठिपकं दिसत्याल. पंधरा-वीस दिस थांबा, चिखल उघडा पडू द्या." आता विचार करा, सीझनचा माणूस, रविवारचं गिऱ्हाईक आयतं फोनवर आलंय, आणि तो सांगतोय येऊ नका. मी तिथेच ठरवलं की जायचं तर यांच्याच बोटीतून.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. मी, माझे बाबा आणि भाचा, वय वर्षं नऊ. बाबांचं वय एकाहत्तर, गळ्यात तुळशीची माळ, आळंदी ते पंढरपूर चौदा वेळा चालत गेलेले, पक्ष्यांशी त्यांचा संबंध अंगणातल्या चिमण्यांना तांदूळ टाकण्यापुरता. ते का आले तर घरी एकटं बसून काय करू म्हणून. हडपसरहून पहाटे साडेचारला निघालो, पाटसचा टोल ओलांडेपर्यंत भाचा झोपलेलाच. भिगवणच्या अलीकडे धुकं लागलं. शनिवारी जा, आणि जमलं तर शुक्रवारीच, रविवारी काठावर लग्नासारखी गर्दी असते.

साडेसहाला पोचलो. बोटीचा दर बोटीवर आहे, माणशी नाही, आमच्याकडून दोन तासांचे १२०० घेतले आणि तो आकडा फोनवर आधीच सांगितला होता, काठावर गेल्यावर वेगळं काही निघालं नाही. दर बदलत असतात, तुमचा तुम्ही विचारून घ्या. बोट साधी, लाकडी फळ्यांची बसायची जागा, मागे छोटं इंजिन, आणि आडवा ठेवलेला एक लांब बांबू. हा बांबू लक्षात ठेवा. लाइफ जॅकेट दिले, घालायलाच लावले, ते चांगलं, पण भाच्याच्या मापाचा नव्हता, मोठ्यांचाच त्याला दोरीने बांधून दिला आणि एका जॅकेटचं बक्कल तुटलेलं. हे मी दादांना तिथेच बोलले. लहान मुलं येतात तर त्यांचे दोन-चार जॅकेट ठेवायलाच पाहिजेत, यात तडजोड नको. ते म्हणाले यावर्षी आणतो. मुलं असतील तर फोनवरच विचारा, नाहीतर स्वतःचा घेऊन जा.

पाण्यावर गेल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं काही दिसत नव्हतं, नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून आवाज. बदकांची कुजबुज, मधेच टिटवी, कुठेतरी लांब मासेमाराच्या बोटीवर डबा वाजल्यासारखं. दादा म्हणाले घाई नाही, धुकं साताच्या पुढं उठतंय, आणि त्यांनी बोट एका झाडाच्या खोडापाशी नेऊन उभी केली. पाण्यात बुडालेली जुनी बाभळ, वरचा शेंडा तेवढा बाहेर. त्या शेंड्यावर ऑस्प्रे बसलेला. आधी मला फांदीचाच भाग वाटला. मग त्याने मान फिरवली आणि पिवळा डोळा दिसला. पायाखाली मासा, चिलापी असावा, अजून शेपूट हलत होती. तो डोक्याकडून खायला लागला, एक लचका, मग थांबून आमच्याकडे बघायचं, मग दुसरा. पंजा इतका जवळून मी पहिल्यांदा बघितला, खालची बाजू खरखरीत, काटेरी, निसटता मासा धरायला तसंच लागतं, आणि बाहेरचं बोट मागेही वळवता येतं त्याला, म्हणजे दोन बोटं पुढे, दोन मागे, मासा घट्ट. माशाचा लचका तुटताना येणारा आवाजही ऐकू येत होता, इतकी शांतता. भाचा पूर्ण गप्प. नऊ वर्षांचं पोरगं दहा मिनिटं गप्प बसलं म्हणजे काय ते आईबापांना कळेल. दादा अगदी हळू आवाजात एवढंच बोलले, "ह्यो लांबनं येतोय, थंडीचा. हीच खुटी त्याची. मागल्या सालीबी हितंच बसायचा." तोच का दुसरा ते पायात ओळखीची कडी असल्याशिवाय कसं सांगणार, पण खुटी तीच, हे दादांच्या वहीत आहे.

हो, दादांची वही आहे. शाळेची दोनशे पानी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, बोटीच्या पुढच्या फळीखाली ठेवतात. त्यात तारीख, आणि पुढे नावं, सगळी मराठी अक्षरात, अर्धी मराठी नावं, अर्धी इंग्रजी. पेंटेड स्टॉर्क आहे आणि चक्रवाकही आहे, ग्लॉसी आयबिस आहे आणि शेकाट्याही आहे. पहिला पट्टकादंब कधी दिसला, भोरड्यांचा म्हणजे गुलाबी मैनांचा थवा कधी आला, कुरव कधी गेले. ही वही बघून मला फार बरं वाटलं. आपण दोन तास जातो, यादी करतो, ईबर्डवर टाकतो आणि आपण पक्षीनिरीक्षक. हा माणूस ऑक्टोबर ते मार्च जवळपास रोज त्या पाण्यावर आहे, त्याची नोंद आपल्या दहा याद्यांना भारी आहे. मी त्यांना म्हटलं, दादा हे ईबर्डवर टाकायला हवं. ते म्हणाले पुतण्या टाकतो अधनंमधनं, त्याला मोबाईलवर जमतं. जानेवारीत आशियाई पाणपक्ष्यांची गणना असते, १९८७ पासून दरवर्षी होते ती, आणि फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असते, तेव्हा पुण्याहून लोक येतात आणि याच बोटींमधून मोजतात. मोजणाऱ्यांची नावं येतात. बोट थोपवून धरणाऱ्याचं, तिकडं बघा तिकडं म्हणून बोट दाखवणाऱ्याचं नाव यादीत पुष्कळदा राहून जातं. तुम्ही यादी टाकत असाल तर शेरा लिहायच्या जागेत त्यांना विचारून त्यांचं नाव टाका, मी आता टाकते.

धुकं उठलं आणि मग एकदम सगळं दिसायला लागलं. डावीकडे चित्रबलाक, म्हणजे वहीतले पेंटेड स्टॉर्क, पिवळ्या चोचीचे, शेपटीकडे गुलाबी, पंधरा-वीस जण रांगेत उभे, जणू कोणीतरी बोलवायची वाट बघतायत. चमचे, म्हणजे चमच्यासारख्या चोचीचे पक्षी, पाण्यात चोच इकडून तिकडे फिरवत चाललेले. थापट्या, तलवार बदकं, चक्रांग, अशी बदकंच बदकं. चक्रवाकाची जोडी, तांबूस केशरी, उन्हात असली चमकते की बाबा म्हणाले भगवी कफनी घातलीय. उथळ पाण्यात शेकाट्यांचे लालगुलाबी पाय. वरून एक भोवत्या, हाही शिकारी पक्षी, खाली खाली घिरट्या घालत गेला आणि सगळी बदकं एका झटक्यात उठली, परत बसली. सगळी नावं देत बसत नाही, आमची यादी दोन तासांत त्रेपन्नची झाली.

पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. गवताच्या कडेला काळे काळे पक्षी पाण्यात पोहत होते, शंभर तरी असतील, सगळे एका दिशेने. बाबांनी विचारलं ही कसली बदकं. दादांनी बाबांच्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं आणि म्हणाले, "माऊली, बदक न्हाई हे. ह्येला वारकरी म्हंत्यात." बाबांना वाटलं त्यांची मस्करी चाललीय. खरंच नाव वारकरी आहे, इंग्रजीत कूट. अंग काळंभोर, आणि चोचीपासून कपाळावर वर चढलेला पांढराशुभ्र पट्टा, गोपीचंदन लावल्यासारखा, आणि चालतात पोहतात ते दिंडीसारखे. बाबांनी माझ्या हातातून दुर्बीण घेतली, ती उरलेल्या वेळात मला परत मिळाली नाही. थोड्या वेळाने ते बोलले, हेच पाणी पुढे पंढरपुरात जातं ना. जातंच की, भीमा इथून खाली पंढरपूरला जाते आणि तिथे चंद्रभागा होते, आषाढीला वाळवंटात स्नानाला पाणी हवं म्हणून उजनीतूनच सोडतात. बाबा एकदम शांत झाले होते. चौदा वाऱ्या केलेल्या माणसाला सातव्या दशकानंतर भीमेच्या पाण्यावर वारकरी नावाचा पक्षी भेटतो, त्याचं त्याला काय वाटलं असेल ते मी काय लिहिणार.

मग फ्लेमिंगो. त्याआधी मला दोन वर्षांपूर्वीचं सांगायला पाहिजे. तेव्हा आम्ही ऑफिसचे आठ जण गेलो होतो, ठिकाण आणि माणूस दोन्ही सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण असं करणारे एकटेच ते नाहीत. बोटवाल्याने लांबून थवा बघितला आणि इंजिन फुल सोडून सरळ थव्यात बोट घातली. दोन-अडीचशे पक्षी एकदम पळायला लागले. फ्लेमिंगोला जागच्या जागी उडता येत नाही, पाण्यावरून पावलं टाकत धावावं लागतं, मान पुढे ताणून, पाय मागे, मग कुठे ते हवेत जातात. ते पळतायत आणि आमच्या बोटीत टाळ्या आणि शिट्ट्या. पंखाखालचा तो गुलाबी-काळा रंग दिसला, फोटो अप्रतिम आले, त्यातला एक माझ्या डीपीलाही होता, खोटं कशाला बोलू. पण थव्याच्या शेवटी तीन-चार करड्या रंगाचे होते, ती त्याच वर्षाची पिल्लं, गुलाबी रंग यायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात, ती मागे पडली होती आणि बोट त्यांच्यामागेच गेली, आणखी एकदा उडवू म्हणून. परत येताना मला काही बोलता येईना. सकाळची वेळ त्यांच्या खाण्याची, आम्ही ती मोडली, आणि आमच्यामागून आणखी सात-आठ बोटी होत्या, प्रत्येकाने तेच केलं असणार. तो फोटो मी नंतर काढून टाकला.

या वेळी दादांनी थवा दिसला तसं इंजिन बंद केलं. मला तर अजून ते खूप लांब वाटत होते, मी विचारलंही, दादा थोडं पुढे नाही का. ते म्हणाले आता बघा. आडवा ठेवलेला बांबू उचलला, उभं राहून तळाच्या चिखलात टेकवून बोट ढकलायला लागले, अगदी हळू, आणि सरळ थव्याकडे न जाता बाजूने, तिरकी. थोडं जायचं, थांबायचं, बघायचं. थव्यातल्या कडेच्या दोघांनी मान वर केली की दादा थांबलेच, मान परत खाली गेली की परत एक ढकल. असं करत करत किती वेळ गेला कळलं नाही, आणि एका जागी त्यांनी बांबू चिखलात घट्ट रोवला, बोट त्याला टेकवली आणि म्हणाले याच्या पुढं न्हाई.

त्यापुढे पाऊण तास आम्ही तिथे होतो आणि एकही पक्षी उडाला नाही. मी जे बघितलं ते आठ जणांच्या बोटीतून कधीच दिसलं नसतं. मान पूर्ण खाली, चोच उलटी पाण्यात, म्हणजे वरची चोच खाली आणि खालची वर, आणि गळ्याजवळ सतत थरथर. जीभ पंपासारखी पाणी आत ओढते आणि बाहेर टाकते, चोचीच्या कडांना चाळणीसारखे दाते असतात त्यात बारीक किडे, शेवाळं अडकतं, त्याच खाण्यातून तो गुलाबी रंग येतो. आणि पाय. एक मोठा पक्षी, डोकं एकाच जागी पाण्यात ठेवून, त्याभोवती पावलं आपटत गोल गोल फिरत होता, संथ, अगदी बाई तांदूळ रोळते तशी लय, म्हणजे चिखल ढवळून खालचं खाणं वर काढत होता. तो हलला तिथे पाण्यात गढूळ गोल राहिला. दादांनी सांगितलं पाणी अजून उतरलं की असले गोल चिखलात उठून दिसतात, गावातली पोरं त्याला रोहितची रिंगणं म्हणतात. रिंगण म्हटल्यावर बाबा परत हसले. आवाजही असतो त्यांचा, हे मला माहीत नव्हतं, हंसांसारखा घोगरा, आपसात काहीतरी सतत चाललेलं असतं. तुम्ही इंजिनवर असाल तर तो ऐकूच येत नाही.

पट्टकादंब वेगळ्या ठिकाणी, काठाच्या हिरव्या गवतावर, चाळीसेक. दिवसा ते असेच बसून असतात, रात्री शेतात चरायला जातात, हरभरा-गव्हाची कोवळी पानं. पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे पट्टे, म्हणून नाव. बघायला गावातली बदकंच वाटतात, आणि हेच पक्षी तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. अंगावर ट्रान्समीटर लावून केलेल्या अभ्यासात एक ७,२९० मीटरवरून उडाल्याची नोंद आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे चार कळसूबाई एकावर एक ठेवले तरी पुरत नाहीत. हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, मग यांना दमलेले असताना कशाला उठवायचं. दादांनी तिथे बोट काठाला लावलीच नाही.

एक तक्रार आहे ती दादांबद्दल नाही, आपल्या लोकांबद्दल आहे. कुरव म्हणजे सीगल, त्यांना फरसाण टाकणं बंद करा. आमच्या शेजारच्या बोटीत शेवेचा अर्धा किलोचा पुडा फोडलेला, डोक्यावर कुरवांचा गोंधळ, आणि व्हिडिओ. तपकिरी डोक्याचे हे कुरव लडाख-तिबेटच्या तलावांवर घरटी करतात, थंडीत आपल्याकडे येतात, तेव्हा डोकं पांढरं झालेलं असतं आणि डोळ्यामागे नुसता एक ठिपका, मार्चपर्यंत तपकिरी टोपी परत चढायला लागते. परतीच्या प्रवासासाठी त्यांना इथे मासे खाऊन ताकद जमवायची असते, तेलकट शेव नाही. काही बोटवाले स्वतःच पुडे विकतात, आमचे दादा विकत नाहीत, त्यांनी काठावरच सांगितलं, पिशवीत खायला असलं तर बोटीतून उतरल्यावर खा.

पाण्याबद्दल खोटं लिहिणार नाही. पुण्याचं, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथेच येतं. काही कोपऱ्यात पाणी हिरवंगार, वास येतो, एका बाजूला जलपर्णी. पाण्यात हात घालू नका म्हणून दादा मुलांना आधीच सांगतात. इतके पक्षी आहेत म्हणजे पाणी चांगलं असणार असं समजू नका. आपण शहरात नळ सोडतो ते कुठे जातं ते बघायला तरी एकदा जा.

उतरल्यावर दादांच्या घरीच जेवलो, आधी सांगावं लागतं. वहिनींनी चिलापी तव्यावर केलेला, जाडसर मसाला, बाजरीची भाकरी, रस्सा वेगळा, तिखट पण जळजळीत नाही. हा चिलापी मूळचा आफ्रिकेतला, आता उजनीत हाच सगळ्यात जास्त, जुने लोक सांगतात पूर्वीचे गावठी मासे कमी झाले. बाबांना शाकाहारी, त्यांना पिठलं, ठेचा, कच्चा कांदा आणि वर घट्ट दही. बाबांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. टॉयलेट स्वच्छ होतं, बायकांना हे आधी माहीत असावं म्हणून लिहिलं. राहायची खोली बघितली, दोन खाटा, पांघरुणं जाड, पहाटे उठून लगेच बोटीत बसता येतं त्यामुळे लांबून येणाऱ्यांनी मुक्कामच करा. मुक्काम असेल तर संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास भोरड्यांचे थवे बघा, ज्वारीवरून परत येऊन बाभळीत उतरताना आकाशात धुरासारखे वळतात, आम्हाला त्या दिवशी थांबता आलं नाही, गेल्या वर्षी बघितलेत.

नेताना काय, तर कानटोपी, जाड जॅकेट, पाण्यावर थंडी रस्त्यापेक्षा दुप्पट लागते. कपडे खाकी, करडे, मातकट, पांढरा आणि लाल नको. दुर्बीण ८ बाय ४२ पुरते. नुसत्या मोबाईलवर फोटो काढायच्या आशेने जाऊ नका, जवळ न्या म्हणून दादांच्या मागे लागाल. बोटीत बसायच्या आधी विचारा, दादा तुमच्याकडे बांबू आहे का. मी आता हा एकच प्रश्न विचारते. बांबू नुसता पडलाय की रोज हातात असतो ते त्याच्या मधल्या भागाकडे बघून कळतं, आमच्या दादांचा तिथे घासून घासून काचेसारखा झाला होता.

परवा फोन आला होता त्यांचा, बाबांशीच बोलायचं होतं. पाणी भराभर उतरतंय, रोहित आता अगदी गावाच्या अंगाला आलेत, चक्रवाक थोडे कमी झाले, पट्टकादंब अजून आहेत पण आता रात्री फार ओरडतात, निघायच्या तयारीत दिसतात म्हणाले. आणि वारकरी वाढलेत, बाबांनी किती ते विचारलं तर म्हणाले माऊली, मोजायला तुम्हीच या. पुढच्या शुक्रवारची बोट बाबांनी परस्पर सांगून ठेवलीये.